कड्याहून उरणास

आष्टी तालुक्यातील कडा हे गाव निजामाच्या अमदानीत हैदराबाद संस्थानाच्या पश्चिम सरहद्दीनजीक होते. सरकारी कज्जेखटल्यांसाठी औरंगाबाद-हैदराबादकडे तोंड करणारा कडेकर बाजारहाटासाठी, औषधपाण्यासाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी मात्र मुलखाची हद्द ओलांडून नगरचीच वाट धरीत असे. अंमल बदलले, प्रांत बदलले, नगरचे अहिल्यानगर झाले, तरी ही वाट काही बदलली नाही. फरक पडला तो एवढाच की, जिची वाट पाहण्यात आमच्या दोन पिढ्यांचे केस पांढरे झाले ती परळीपर्यंत जावयाची २६१ किलोमीटरांची रेल्वे अखेर कागदावरून मातीत उतरली, २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर ते नवीन आष्टी या ६६ किलोमीटरांच्या टप्प्यावर गाडी धावू लागली, आणि कड्याच्या नावाची पाटी रेल्वेच्या स्थानकावर लागली. पुढे १७ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनाचा मुहूर्त साधून, गाडी बीडपर्यंतही पोचली.

आमच्या भागातून पोटासाठी बाहेर पडणाऱ्या माणसांचा विषय निघाला म्हणजे ऊसतोड कामगारांचे नाव प्रथम निघते, आणि त्यांची संख्या व त्यांचे हाल पाहता ते योग्यच आहे. परंतु त्यांच्याच गावांतून, कित्येकदा त्यांच्याच घरांतून, आणखी एक लहानसा वर्ग बाहेर पडत असतो, ज्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही: फिटर, रिगर, वेल्डर आणि त्यांचे हेल्पर. मोठ्या कारखान्यांतील आणि वीजकेंद्रांतील यंत्रे दुरुस्तीसाठी बंद ठेवली जातात त्या कालावधीला हे लोक 'शटडाउन' म्हणतात, आणि एका शटडाउनहून दुसऱ्या शटडाउनला जाण्यात त्यांचे वर्ष सरते. अशांपैकी एक फिटर माझा जुना विद्यार्थी. कड्याच्या सहकारी साखर कारखान्याची चिमणी धुरत होती त्या काळात तेथील वाफेच्या टर्बाइनवर त्याने पाना धरावयास शिकून घेतले, नंतर परळीच्या औष्णिक केंद्रात ठेकेदारांकडे राबला, आणि गेली काही वर्षे तो उरणजवळच्या बोकडवीरा येथील वायू विद्युत केंद्रात, जेथे कोळशाऐवजी नैसर्गिक वायू जाळून वीज होते, पावसाळ्यातील दुरुस्तीच्या कामाला जातो. यंत्र बिघडले म्हणून त्याला बोलावणे आले काय, असे मी विचारले तेव्हा तो हसला.

"गुरुजी, बिघडली म्हणून नाही खोलत तिला. तास भरले म्हणून खोलतात. बिघडेपर्यंत थांबलं तर खोलायला काही उरतच नाही."

तास भरणे म्हणजे काय, हे जाणून घेण्याच्या इच्छेने मी त्याच्याबरोबर निघालो. केंद्र पाहण्याची रीतसर परवानगी मी अर्ज करून आधीच मिळविली होती.

नगरहून दौंडमार्गे पुण्याकडे जाताना दोन्ही बाजूंना उभा असलेला ऊस पाहून आमच्यासारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यातील माणसाच्या मनात जे विचार येतात ते येथे विस्ताराने सांगत नाही. परंतु पाण्याचाच विषय निघाल्यामुळे परळीची गोष्ट ओघाने आली, आणि ती या प्रवासाच्या हेतूशी निगडित आहे. परळीच्या केंद्रातील पहिला ३० मेगावॉटचा संच १९७१ साली सुरू झाला, आणि पुढे २१० व २५० मेगावॉटचे संच त्याच्या जोडीला आले. कोळसा जाळून पाण्याची वाफ करावयाची, तिने चक्र फिरवावयाचे, आणि त्या वाफेचे पुन्हा पाणी करण्यासाठी आणखी पाणी खर्चावयाचे, हा त्या केंद्राचा धर्म. त्यामुळे २०१३ च्या दुष्काळात फेब्रुवारी महिन्यात पाण्याअभावी सारे केंद्र बंद ठेवावे लागले, आणि २०१५ मध्येही तीच पाळी आली. ज्या जिल्ह्यात माणसांना टँकरने पाणी पुरवावे लागते तेथे यंत्राची तहान भागावी कशी! गॅस टर्बाइनला मात्र वाफ लागतच नाही. ती हवा ओढते, तीच दाबते, तीत वायू जाळते, आणि तप्त वायूच्या प्रसरणानेच फिरते. यंत्र जर एवढे निर्व्यसनी आहे तर ते आमच्या जिल्ह्यात का नाही, असा प्रश्न मी केला, तेव्हा माझ्या विद्यार्थ्याने समुद्राकडे बोट दाखवावे तसे खिडकीतून पश्चिमेकडे दाखविले. पाणी नको, पण वायू हवा. आणि वायू समुद्राच्या पोटातून येतो.

पुणे सोडून गाडी बोरघाटात शिरली. ढग इतके खाली उतरले होते की दरी दिसण्याऐवजी तिचा केवळ भास होत होता. या घाटाच्या पायथ्याशी खोपोली येथे टाटांनी १९१५ साली जलविद्युत केंद्र उभारले, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर कोंडलेले पाणी खाली सोडून मुंबईच्या गिरण्या चालविल्या. महाराष्ट्रातील विजेच्या इतिहासाचे पहिले मोठे प्रकरण त्या गावात लिहिले गेले. या घाटातून गाड्या ओढणाऱ्या इंजिनांना मध्यंतरी काही वर्षे वीज कोठून येत होती, याचे उत्तर बहुतेक प्रवाशांना ठाऊक नसेल. २०१५ च्या अखेरीपासून मध्य रेल्वे महाराष्ट्रातील आपल्या गाड्यांसाठी गुहागरजवळच्या अंजनवेल येथील प्रकल्पाची वीज घेऊ लागली. तो प्रकल्प म्हणजे एन्‌रॉनच्या नावाने गाजलेला दाभोळचा प्रकल्प, आणि त्याची मुख्य यंत्रे गॅस टर्बाइनाच. त्याविषयी पुढे बोलणे येणारच आहे.

पनवेलला उतरून आम्ही बेलापूर गाठले आणि तेथून उरणची लोकल धरली. हा मार्ग खारकोपरपर्यंत २०१८ मध्ये आणि उरणपर्यंत १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. पावसाळ्यामुळे मिठागरे जलमय होती, बांधांच्या रेघा तेवढ्या पाण्यावर उमटलेल्या दिसत होत्या, आणि त्यांच्या पलीकडे न्हावाशेव्याच्या बंदरातील उंचच उंच याऱ्या पावसात अंधुक उभ्या होत्या. ही भूमी इतक्या सहजपणे बंदर आणि नगर झालेली नाही. जानेवारी १९८४ मध्ये सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली या पंचक्रोशीतील आगरी-कोळी शेतकरी उठले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतरच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. द्रोणागिरी स्थानकावर उतरून बोकडवीऱ्याकडे जाताना हे स्मरण मनात ठेवणे मला अगत्याचे वाटले.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर भर समुद्रात 'सागरसम्राट' या तेलविहिरी खणणाऱ्या फिरत्या मंचाने १९७४ साली खनिज तेलाचा शोध लावला, आणि 'बॉम्बे हाय' हे नाव घरोघरी झाले. तेलाबरोबर वायूही येतो. तो समुद्रतळावरील नळांनी उरणच्या किनाऱ्यावर आणला गेला, आणि त्याचा उपयोग करण्यासाठी तत्कालीन महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने बोकडवीरा येथे १९८२ पासून प्रत्येकी ६० मेगावॉटच्या चार गॅस टर्बाइना, आणि त्या दशकाच्या मध्यास प्रत्येकी १०८ मेगावॉटच्या चार जर्मन घडणीच्या टर्बाइना बसविल्या. पहिल्या चार आता सेवानिवृत्त झाल्या आहेत. राहिलेल्या चारांच्या मुखातून बाहेर पडणारा धूर पाचशे अंशांहून अधिक तप्त असे, आणि कित्येक वर्षे तो तसाच आकाशात सोडून दिला जाई. १९९४ मध्ये त्या उष्णतेवर वाफ करून प्रत्येकी १२० मेगावॉटचे दोन वाफेचे संच चालविण्याची व्यवस्था झाली. यांची बेरीज ६७२ मेगावॉट होते. त्यांतील २४० मेगावॉटसाठी वायूचा एक कणही अधिक जाळावा लागत नाही. मंडळाचे २००५ साली विभाजन झाल्यापासून हे केंद्र महानिर्मिती कंपनीकडे आहे.

यंत्रगृहात शिरल्यावर प्रथम जाणवली ती शांतता, कारण शेजारचे यंत्र त्या दिवशी विजेला मागणी नसल्याने थांबले होते. पावसाळ्यात शेतीपंप बंद असतात, धरणांवरची जलविद्युत केंद्रे हात देतात, आणि म्हणूनच मोठ्या दुरुस्तीची कामे या दिवसांत काढण्याचा प्रघात आहे. समोर वरचे कवच उचललेले यंत्र उघडे पडले होते. ज्यांनी गॅस टर्बाइनची कल्पना विमानाच्या इंजिनावरून केली असेल त्यांनी तिचा हा स्थावर अवतार पाहून चकित व्हावे, असा तिचा विस्तार असतो. एकाच दंडावर पुढे संपीडकाच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाच्या, पात्यांच्या ओळीमागून ओळी, आणि मागे टर्बाइनच्या चार ओळी. हा दंड अखंड ओतलेला नाही: स्वतंत्र चकत्या एकमेकींना लावून, त्यांच्या दर्शनी कडांवर कोरलेले त्रिज्यात्मक दाते एकमेकांत बसवून, मधोमध जाणाऱ्या एकाच प्रदीर्घ बोल्टने त्या आवळलेल्या असतात. त्यामुळे उष्णतेने प्रत्येक चकती आपापल्या परीने प्रसरण पावली तरी मध्यरेषा ढळत नाही. दंडाच्या दोन्ही अंगांस दोन उभे ज्वलनकक्ष कोठारांसारखे उभे होते, आणि त्यांना तपासणीसाठी माणूस आत जाईल एवढे दार होते.

गॅस टर्बाइनची कल्पना जुनी आहे. इंग्लंडात जॉन बार्बर याने १७९१ सालीच तिचे पेटंट घेतले होते. परंतु ती चालत का नव्हती, हे समजून घेतल्यावाचून तिच्या दुरुस्तीचे मर्म कळत नाही. टर्बाइनच्या पात्यांनी निर्माण केलेल्या शक्तीपैकी सुमारे दोन तृतीयांश हवा दाबण्यातच खर्ची पडते, आणि उरलेल्या एक तृतीयांशावर वीजनिर्मिती होते. संपीडक थोडा जरी गलथान असला तरी सारी मिळकत तोच खाऊन टाकतो, आणि हाती शून्य येते. म्हणून बार्बरच्या पेटंटापासून स्वित्झर्लंडातील नॉयशाटेल शहरात १९३९ साली ब्राउन बोव्हेरी कंपनीने ४ मेगावॉटची जगातील पहिली सार्वजनिक वीजपुरवठ्याची गॅस टर्बाइन बसवीपर्यंत जवळजवळ दीड शतक लोटले, आणि त्या यंत्रानेही इंधनातील उष्णतेच्या सतरा-अठरा टक्क्यांचीच वीज केली. यावरून हेही लक्षात येते की या यंत्रात काटकसर पात्यांच्या पृष्ठभागावर, त्यांच्या टोकांच्या फटींत आणि हवेच्या स्वच्छतेत असते. डोळ्यांना न दिसणारी घाण येथे मेगावॉटांनी मोजली जाते.

उरणला ही घाण म्हणजे मीठ. समुद्रावरून येणारा वारा क्षाराचे सूक्ष्म कण घेऊन येतो, तेलाच्या अंशाने ते संपीडकाच्या पात्यांवर चिकटतात, आणि पात्यांचा आकार, ज्याच्यासाठी कारागिरांनी केसाएवढी सूक्ष्मता सांभाळली, तो बिघडतो. हवा आत घेण्याच्या मार्गावर गाळण्यांची भिंतच असते. तिच्यातून जे सुटते ते धुण्यासाठी यंत्र चालू असतानाच क्षारविरहित पाण्याची फवारणी करतात, आणि थांबल्यावर, यंत्र निवल्यावर, साबणासारख्या द्रावणाने सावकाश फिरवीत त्याला आंघोळ घालतात. तरीही जे क्षार आत जातात ते इंधनातील गंधकाशी संयोग पावून गरम पात्यांना खातात, आणि या खाण्याला अभियंते उष्ण क्षरण म्हणतात. आणखी एक गोष्ट: हवा तापली की विरळ होते, आणि विरळ हवेत यंत्राची शक्ती दर अंशामागे सुमारे अर्धा ते पाऊण टक्का घटते. यंत्रावरील आकडा १५ अंश सेल्सिअसच्या हवेसाठी लिहिलेला असतो, ती युरोपची हवा. वैशाखात उरणला जी हवा असते तिच्यात तो आकडा गाठता येत नाही, आणि त्याचा दोष कामगारांना देणे अन्यायाचे होईल.

आता तासांकडे वळू. टर्बाइनच्या पहिल्या ओळीच्या पात्यांवर येणाऱ्या वायूचे तापमान हजार अंशांपुढे असते, आणि प्रत्येक पात्यावर, मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या गतीमुळे, केंद्रापासून दूर ओढणारा अनेक टनांचा ताण असतो. निकेलप्रधान मिश्रधातूही अशा स्थितीत हळूहळू लांबतात; थांबविता न येणाऱ्या या लांबण्याला विसर्पण म्हणतात. पात्यांच्या पोटातून संपीडकाची थंड हवा खेळविलेली असते, पृष्ठभागावर क्षरणरोधक लेप असतो, तरी हे सारे उपाय झीज लांबणीवर टाकतात, टाळीत नाहीत. ती तासांनी मोजता येते. परंतु नुसते तास मोजून भागत नाही, कारण यंत्र थंड असताना पेटविले की पात्याचे एक अंग क्षणात तापते आणि दुसरे थंडच राहते, आणि बंद केले की तेच उलट घडते. त्या ओढाताणीत बारीक तडे जन्माला येतात. म्हणून या घराण्याच्या यंत्रांत प्रत्येक सुरुवात दहा तासांच्या चालण्याबरोबर धरतात, आणि पूर्ण भारावरून यंत्र अकस्मात बंद पडले, ज्याला सारे 'ट्रिप' म्हणतात, तर त्याहून अधिक. बैल किती वर्षांचा हे विचारण्याऐवजी तो किती चढांवरून ओढून आला हे विचारावे, तसेच हे आहे. अशा तऱ्हेने जमा झालेल्या तासांना 'समतुल्य तास' म्हणतात. नियंत्रणकक्षातील संगणकात त्यांची रोजकीर्द चढत असते, आणि कारखानदाराच्या पुस्तकाप्रमाणे कमीजास्त धरून सुमारे ८,००० समतुल्य तासांना लहान तपासणी, २५,००० च्या सुमारास गरम मार्गाची तपासणी, आणि ५०,००० च्या सुमारास संपूर्ण उघडणी असा क्रम असतो. वर्षात ८,७६० तास असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचा कालावधी लक्षात येतो.

लहान तपासणीसाठी यंत्र उघडीत नाहीत. कवचात ठिकठिकाणी बोटाएवढी छिद्रे बुचाने बंद केलेली असतात, त्यांतून बोअरस्कोप, म्हणजे टोकाला प्रकाश आणि कॅमेरा असलेली लवचिक नळी, आत सरकवितात, आणि दंड एकेका पात्याने फिरवीत पडद्यावर एकेका पात्याचे मुख पाहतात. हे पाहण्याचे काम मी शेजारच्या थांबलेल्या यंत्राजवळ काही वेळ उभे राहून न्याहाळले. पाहणाऱ्या तरुण अभियंत्याने एका पात्याच्या पुढच्या कडेवर नळी थांबविली, पडद्यावरील एक रेघ तडा आहे की काजळीचा ओरखडा, हे ठरविण्यासाठी त्याने नळी पुढे-मागे केली, मग मागच्या तपासणीचे छायाचित्र काढून शेजारी ठेवले. रेघ तीच, तेवढीच होती. त्याने नोंद केली आणि पुढचे पाते आणावयास सांगितले.

ज्वलनकक्षात माणूस स्वतः जातो. माझा विद्यार्थी दारातून आत उतरला, आणि आतून त्याचा आवाज घुमत आला: "इथं उभं राहून हात वर केला तरी टेकत नाही, गुरुजी." आतली भिंत उष्णतारोधक विटांनी मढविलेली असते. त्यांतील कोणती सैल झाली, कोणती तडकली, हे तो हाताने दाबून आणि टकटक करून पाहत होता, कारण सुटलेली एक वीट थेट पात्यांच्या पहिल्या ओळीवर जाऊन आदळली की लक्षावधी रुपयांचे नुकसान क्षणात होते. याच कारणाने आत जाणाऱ्याचे खिसे रिकामे करवितात, चष्म्याला दोरी बांधतात, आणि प्रत्येक पाना, प्रत्येक बॅटरी दारावरील नोंदवहीत आत जाताना चढवून बाहेर येताना उतरवितात. संध्याकाळी हिशेबात एक लहानसा पाना कमी भरला, तेव्हा तो सापडेपर्यंत एकालाही घरी सोडले नाही. तो बाहेरच एका हेल्परच्या पिशवीत निघाला. हसण्यासारखी ही गोष्ट कोणीही हसून घेतली नाही.

मोठ्या उघडणीची सुरुवात प्रतीक्षेने होते, ही गोष्ट मला विशेष वाटली. यंत्र बंद केल्यावर दंड लगेच थांबविला तर वरची बाजू तापलेली आणि खालची निवालेली राहून तो केळीच्या पानाच्या दांड्याएवढाही नव्हे, एक-दोन केसांएवढाच वाकतो. पण ३,००० फेऱ्यांना तेवढे वाकणे यंत्राचा घात करावयास पुरेसे असते. म्हणून निदान दिवसभर, कित्येकदा त्याहून अधिक काळ, त्याला संथपणे फिरवीत ठेवतात, आणि त्या वेळेत वंगणाचा पंप एक क्षणही थांबू नये म्हणून त्याला बॅटरीवर चालणारा पर्यायी पंप ठेवलेला असतो. मग वीज, वायू व आगरोधक कार्बन डाय ऑक्साइडचे मार्ग कुलूपबंद करून 'परमिट' हातात घेतल्यावाचून एकही बोल्ट सैल करीत नाहीत. कवचाचे बोल्ट हातोड्याने सुटत नाहीत; त्यांच्या पोकळ अंगात विजेची कांडी घालून त्यांना तापवितात, ते लांबले की नट सहज फिरतो. कवच उचलताना रिगरचा मुकादम क्रेन चालविणाऱ्याला फक्त बोटांनी खुणा करतो, आणि त्या वेळी सबंध गृहात दुसरा कोणीही बोलत नाही. पात्यांचे टोक आणि कवच यांतील फट फीलर गेजच्या पट्ट्यांनी चहूबाजूंनी मोजून नोंदतात; धारव्यांतील, म्हणजे बेअरिंगांतील, पांढरा धातू निळा रंग लावून तपासतात, कोठे टेकतो आणि कोठे नाही हे रंग पुसल्याने दिसते; जनित्राच्या आणि टर्बाइनच्या मध्यरेषा डायल गेजने जुळवितात. त्या नोंदींचे कागद दोरीवर पाळीने वाळत घातल्यासारखे फळीवर लावलेले होते, आणि आमचा फिटर, ज्याने दहावीला गणितात कसेबसे गुण मिळविले, तो त्यांतील आकडे शतांश मिलिमीटरपर्यंत न अडखळता वाचीत होता.

काढलेली पाती लगेच टाकून देत नाहीत, कारण एकेकाची किंमत मोठी असते. त्यांवरील जुना लेप आम्लाने काढतात, प्रकाशमान द्रव माखून अतिनील दिव्याखाली तडे शोधतात, दुरुस्त होण्याजोगे तडे आर्गॉन वायूच्या छायेत झाळतात, निर्वात भट्टीत तापवून धातूचे पोत पुन्हा जमवितात, आणि नवा लेप चढवितात. मग प्रत्येकाचे वजन व आघूर्ण मोजून समोरासमोरच्या जागी जोड लावतात, की चकती एका अंगाला जड होऊ नये. हे काम वीजकेंद्रात होत नाही, त्यासाठी स्वतंत्र कर्मशाळा असतात. हैदराबादेस भेल आणि अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक यांनी १९९७ साली गॅस टर्बाइनच्या सेवेसाठी भागीदारीत कंपनीच काढली. आमचे आजोबा अपिलांसाठी त्या शहरी जात. आता अशी पाती जातात.

यंत्र फार चालल्याने झिजते हे पटावयास वेळ लागत नाही. पण न चालल्यानेही ते बिघडते, हे दाभोळने महाराष्ट्रास दाखवून दिले. पहिला ७४० मेगावॉटचा टप्पा १९९९ साली सुरू झाला, विजेच्या दराच्या वादात २००१ मध्ये बंद पडला, आणि रत्नागिरी गॅस अँड पॉवर या सरकारी कंपनीने २००५ मध्ये ताबा घेऊन पुढील वर्षी प्रकल्प पुन्हा चालू करीपर्यंत कोकणच्या समुद्रवाऱ्यात ती अजस्र यंत्रे निजून होती. अशा निद्रेत आतली हवा कोरडी ठेवावी लागते, दंड मधूनमधून फिरवावा लागतो, तेलातील पाणी काढावे लागते. अन्यथा गंज चढतो, आणि गंजाच्या खळग्यांतूनच पुढे तडे उगवतात. पुन्हा चालू झाल्यावर त्यांतील यंत्रांनी बराच काळ त्रास दिला हे सर्वश्रुत आहे. २०१३ च्या अखेरीस वायूअभावी तो प्रकल्प पुन्हा थांबला, आणि रेल्वेच्या मागणीवर २०१५ मध्ये पुन्हा उठला. वायूची टंचाई उरणलाही नवी नाही. चार यंत्रे असताना इंधन दोघांपुरते यावे, हे येथे कित्येक वर्षे चालले आहे. आज हे, उद्या ते, असे यंत्र वारंवार चालू-बंद करण्याने समतुल्य तासांची रक्कम कशी झपाट्याने फुगते हे मागील विवेचनावरून ध्यानात येईल. माझ्या मते इंधनाचा तुटवडा हा केवळ उत्पादनाचा तोटा म्हणून दाखविणाऱ्या अहवालांत दुरुस्तीचा हा वाढीव खर्चही जोडला गेला पाहिजे.

यंत्र बंद करून पुन्हा चालू करण्याचा विधी मला तेथील पाळीप्रमुखांनी समजावून दिला. गॅस टर्बाइन आपल्या बळावर उठू शकत नाही. प्रथम तिचे जनित्रच मोटर म्हणून चालवून दंडाला गती देतात. मग ती काही मिनिटे नुसती हवा ओढीत फिरते, कारण आत कोठे वायू साचून राहिला असेल तर तो ठिणगीपूर्वी बाहेर लोटला गेला पाहिजे. या पायरीत घाई केल्याने जगात अनेक केंद्रांत स्फोट झाले आहेत. नंतर ठिणगी, ज्योत, हळूहळू वाढणारी गती, आणि ३,००० फेऱ्यांवर विजेच्या जाळ्याच्या लयीशी जुळवणी. मोठ्या उघडणीनंतर या जुळवणीपूर्वी आणखी एक परीक्षा असते: भार न देता गती मुद्दाम वाढवीत नेतात, आणि ती नियत गतीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक वाढण्याच्या आत यंत्राने स्वतःचा वायू स्वतः तोडलाच पाहिजे. त्या वेळी यंत्रगृहात कोणालाही उभे राहू देत नाहीत. ज्या फिटरांनी महिनाभर एकेक बोल्ट आवळला तेही बाहेर पावसात छपराखाली उभे राहून आवाजावरून अंदाज बांधीत असतात.

ती परीक्षा पार पडली, यंत्र जाळ्याला जोडले गेले, की त्याच दिवशी ठेकेदाराची हजेरी बंद होते आणि माणसांचा हिशेब पुरा केला जातो. यंत्राची कमाई सुरू होण्याचा दिवस आणि फिटरची मजुरी थांबण्याचा दिवस एकच. माझ्या विद्यार्थ्याला त्याचे विशेष काही वाटत नव्हते. दसऱ्यानंतर गळीत हंगाम सुरू व्हावयाचा, त्याआधी नगर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याची वाफेची टर्बाइन जुळवून द्यावयाचे काम त्याने अगोदरच धरून ठेवले होते, आणि उरणचे काम संपताच तो थेट तिकडे जाणार होता. कड्यास घरी निरोप सांगण्याचे काम त्याने माझ्याकडे सोपविले, आणि बेलापूरच्या लोकलची वेळ विचारण्यासाठी पाळीच्या दारावरील पहारेकऱ्याकडे मला नेऊन सोडले.